भरवशाचा शॅकल

शॅकल दोन होते आणि भरवशाचा एकच होता. चैताली दोन्ही हातांत एकेक धरून चिखलाच्या काठावर उभी होती. शॅकल म्हणजे नालासारखी वाकवलेली जाड लोखंडी कडी आणि तिच्या तोंडात आडवी फिरवून बसवायची पिन. रुतलेली जीप दुसऱ्या जीपने ओढून काढायची, तर मधला पट्टा दोन्ही टोकांना या कड्यांनी अडकवायचा. पट्टा रबरासारखा ताणला जातो, आणि सगळा भार त्या दोन कड्यांवर येतो.

रुतलेली जीप तिच्या नवऱ्याची, अनिरुद्धची होती. कात्रजच्या डोंगरामागे रविवारी जीपा घेऊन चिखल तुडवायला जाणाऱ्या मंडळींत तो स्वतःला गुरुजी समजायचा. आज गुरुजीच तळ्याकाठी पार पोटापर्यंत रुतले होते आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले होते.

उजव्या हातातला शॅकल चैतालीने स्वतः निवडला होता. नाना पेठेतल्या दुकानात तिने तो उजेडाकडे धरून अंगावर उठवलेला भाराचा आकडा वाचला, पिन कडीपेक्षा जाड आहे ना ते पाहिलं, आटे पुन्हा पुन्हा फिरवून बघितले. अनिरुद्ध मागे उभा राहून जांभया देत होता. मंगळसूत्र घेतानाही एवढा वेळ लावला नव्हतास, असं तो दुकानदारादेखत म्हणाला. जोडी घेऊ या, असं तिने सुचवलं तर म्हणे एक पुरे, दुसरा कुणाकडे तरी असतोच.

दुसरा संभाजीकडे होता. संभाजी मांजरी गावचा, उसाचा बागायतदार, हाकेला ओ देणारा माणूस. ओढायला जीपही त्याचीच. त्याचा शॅकल उसाच्या ट्रॉलीवरचा. दर खंडेनवमीला तो शेडमधलं झाडून सगळं लोखंड पुसून चंदेरी रंगाने रंगवायचा आणि त्याला हळदकुंकू वाहायचा. दसरा नुकताच झाला होता, कुंकवाचं बोट अजून ताजं होतं. चैतालीने नखाने रंग खरवडला. खाली मागच्या वर्षीचा रंग निघाला, त्याखाली त्याच्या आधीचा. आकडा कुठेच नव्हता. वाकणाशी मात्र केसाएवढी एक रेघ होती. ब्रशचा केस चिकटल्याची असेल, नाहीतर चिरेची.

थांबता आलं असतं. त्यांच्यातलाच सुदर्शन चांगल्या शॅकलची जोडी घेऊन निघाला होता, फक्त घाटातल्या गर्दीत अडकला होता. त्याची वाट पाहू या, असं ती म्हणाली. अनिरुद्धने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण शांतपणे विचारलं, "आपलं वाचन झालं असेल तर ओढायचं का आता?"

मंडळी हसली. संभाजी तेवढा हसला नाही. तो तिच्या हातातल्या आपल्या लोखंडाकडे बघत राहिला. परवाच पूजा केलेली वस्तू चालणार नाही, असं त्याला तोंडावर कसं सांगायचं? चैताली भिडस्त होती. तिने सांगितलं नाही.

मग तिने मनातल्या मनात वाटणी केली. आकडा असलेला शॅकल तिने अनिरुद्धच्या जीपला लावला. पिन पूर्ण फिरवली आणि शिकवल्याप्रमाणे किंचित मागे घेतली. चंदेरी शॅकल संभाजीच्या मागच्या बंपरला गेला. याची तिला लाज वाटली, नाही असं नाही. संभाजीच्या शेजारी डबे मांडीवर घेऊन त्याची बायको बसली होती, शालन. चैतालीने तिला खाली उतरवलं आणि हाताला धरून लांब बाभळीखाली नेलं.

"का वो ताई, काय भ्याव हाय का?" शालनने विचारलं.

"छे, भीती कसली. तुम्हाला उगाच हिसके बसतील."

संभाजीला उतरवणं शक्य नव्हतं. जीप त्यालाच चालवायची होती. चैतालीने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

संभाजीने जीप जोरात पुढे काढली. पट्टा चिखलातून वर उठला, ताठ झाला, अनिरुद्धची चाकं जागची हलली. आणि बार उडावा तसा आवाज झाला.

चैताली धावली ती संभाजीकडे. तो सीटवर धडधाकट बसला होता आणि मान वळवून मागे बघत होता. त्याच्या बंपरवर नुसती पिन उरली होती. तिचा जीव भांड्यात पडला. बाकीचे सगळे उलट्या बाजूला का पळताहेत, हे तिला पटकन कळेना.

मोडकी कडी ताणलेल्या पट्ट्याबरोबर उलटी गेली होती, समोरची काच फोडून सरळ अनिरुद्धच्या कपाळावर. त्याच्या जीपचा शॅकल जसाच्या तसा होता. पट्ट्याचं ते टोक त्याने घट्ट धरून ठेवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि नाही म्हणून मान हलवून निघून गेले. शालन भिंतीला टेकून रडत होती. संभाजी फरशीवर चैतालीच्या पायाशी येऊन बसला. चिखलाचे हात त्याने अजून धुतले नव्हते. माझ्या त्या ट्रॉलीच्या लोखंडाने घात केला, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तिने त्याला गप्प करायचा प्रयत्न केला.

"माझ्याकडचा तुटला वैनी," तो म्हणाला. "मग लागायचं तर मलाच लागायला पायजे हुतं."

चैतालीने मान खाली घातली. तिनेही तसंच ठरवलं होतं.