जव्हारची जुळी शाखा

जव्हार शाखेचं काम रोज पाचला संपायचं आणि संगणकात चालणाऱ्या तिच्या हुबेहूब जुळ्या शाखेचं साडेचारला. 'आमचा घाट वेगळा, आमची माणसं वेगळी' ही सबब आता चालत नव्हती. प्रत्येक बँक शाखेची कार्यक्षमता तिच्याच जुळीशी ताडली जाई. तोच घाट, तीच माणसं.

शाखाधिकारी सुलभा वरठांना मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. त्यांनी मुख्य कचेरीतल्या दामल्यांना फोन लावला.

"जुळीत माणसं खरंच हीच आहेत?"

"अगदी नावानिशी, मॅडम."

"मग यादी पाठवा."

एकेक नाव त्यांनी ताडून पाहिलं. एकाच खातेदाराचं कमी होतं. खानावळवाले काशिराम भोये रोज भरणा करायला येत आणि त्यांचा झिजलेला अंगठा यंत्रावर उमटायला अर्धा तास लागे.

"यांना का वगळलंत?"

"वगळलं नाही, मॅडम. जुळी आजच्या तीन महिने पुढे चालते." दामले अडखळले. "तेव्हा ते नाहीत."

खिडकीशी काशिराम सदऱ्याला अंगठा पुसत उभे होते. "बाई, आज तरी उमटेल का हो?"

सुलभाताईंनी खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

"अंगठा राहू द्या, काका. आधी माझ्यासोबत दवाखान्यात चला."