बिनजाहिरातीचा रेडिओ

"बंद करा हो ते! शोकसभेत बसल्यासारखं वाटतंय." तोंडाला फेस असतानाच खुर्चीतला टॅक्सीवाला कुरकुरला. "आधीचं स्टेशन लावा ना. फुकटचं होतं, पण माणसाचा आवाज तरी यायचा."

सलूनवाल्याचं डोकं फिरलं. सकाळपासून हे ऐकवणारा हा चौथा. एकाला बातम्या हव्या होत्या, एकाला मॅच, आणि तिसरा तर झोपलाच. मान थेट वस्तऱ्यावर कलली. अरे, सॅटेलाइट रेडिओ आहे हा! पैसे भरावे लागतात याला. खरखर नाही, गाद्यांच्या जाहिराती नाहीत, त्या निवेदकबाईची अखंड टकळी नाही. आणि हे म्हणणार, बंद करा. गाढवाला गुळाची चव काय!

बायकोचे टोमणे वेगळेच. "हौसेला मोल नसतं म्हणतात. तुमच्या हौसेला दर महिन्याचं बिल आहे."

तिला कसं सांगणार, की ही हौस गिऱ्हाइकांसाठी नव्हतीच? ती उस्तादांसाठी होती. फुग्याला साबण फासून, तो न फोडता त्याची दाढी करायला लावून ज्यांनी त्याचा हात बसवला, ते उस्ताद. आठ वर्षांपूर्वी त्याने स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा "माझ्या गालाला आता तुझा हात लागायचा नाही" म्हणाले आणि बोलणंच टाकलं. हाही तसलाच हेकट. फोन कोणीच केला नाही. उस्तादांना शास्त्रीय गाण्याचं वेड. दुकानात दिवसभर तेच गाणं चालतं, हे कधीतरी त्यांच्या कानावर जाईल, म्हातारा एकदा तरी या खुर्चीत येऊन बसेल, एवढीच त्याची आस होती. रेडिओ लावून बारा दिवस झाले. म्हातारा फिरकला नाही.

"बरं, उस्ताद कसे आहेत आता?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे? अहो, हॉस्पिटलात आहेत ते! गळ्याचं ऑपरेशन आहे आज. मला वाटलं, तुम्ही कधीच जाऊन आला असाल."

सलूनवाल्याने वस्तरा मिटला. "उठा. टॅक्सी काढा."

"आणि ही उरलेली दाढी?"

"नंतर फुकट करतो. उठा म्हटलं ना!"

एका गालाचा फेस तसाच ठेवून टॅक्सीवाल्याने त्याला हॉस्पिटलपर्यंत आणलं. जिना चढताना त्याला धाप लागली. उस्ताद खाटेवर डोळे मिटून पडले होते, उशाशी त्यांची सून बसली होती. त्याची नजर आधी उस्तादांच्या चेहऱ्यावर गेली. नुकतीच केलेली दाढी. हनुवटीवर दोन काप, कानाखाली चिकटवलेला कापूस.

"कोणी केली ही हजामत?" तो भडकलाच. "केसांच्या उलट ओढलाय वस्तरा! मी मेलो होतो का? मला का नाही बोलावलं?"

"तीन दिवस बोलावतोय," सून म्हणाली. तिचाही धीर सुटला होता. "ऑपरेशनआधी दाढी करायला आलेल्या इथल्या माणसाला यांनी दोनदा हाकलून लावलं. 'तो येईल, तोच करेल.' ऑपरेशन पुढे ढकललं. आज डॉक्टरांनी ऐकलं नाही."

"मग फोन करायचा!"

"करू देतील तर ना! म्हणाले, आधी त्याने यायचं. रेडिओवर निरोप द्या, त्याच्या कानावर पडेल. ती बाई सकाळ-संध्याकाळ तुमच्या दुकानाचं नाव घेऊन सांगत होती हो. आम्ही सगळे इथे दाराकडे बघत."

स्ट्रेचर दारात आलं. उस्तादांनी डोळे उघडले. आठ वर्षांनी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि कसाबसा आवाज काढला.

"दुकानात रेडिओ नसतो का रे तुझ्या?"

"असतो ना, उस्ताद," त्याला रडू आवरेना. "खास तुमच्यासाठी पैसे भरून घेतलाय."