अर्धा डाव

"बाबा, बटण दाबून बंद करू नका! लेख जाईल," मुलगी फोनवर म्हणाली.

पडद्यावर त्यांच्या बायकोचा पत्त्यांचा अर्धा डाव गोठला होता. दवाखान्यात जाताना ती म्हणाली होती, "हात लावू नका, आल्यावर पुरा करते." ती आली नाही. सात महिने त्यांनी कॉम्प्युटर चालूच ठेवला. आज एक पत्ता हलवून पाहिला, तर खेळाने कीबोर्ड, माऊस दोन्ही अडकवून ठेवले. डावामागे चार दिवस खपून तिच्यावर लिहिलेला लेख होता, सेव्ह न केलेला.

मुलीने सांगितल्यावर त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री एकदम दाबलं. काळा पडदा आला; त्यावर कीबोर्ड चालत होता.

"आता सांगते ते लिहा. खेळ बंद होईल, लेख वाचेल."

"आणि डाव?"

"डाव जाईल, बाबा."

एंटरवर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मग दाबलं.

पहिला पडदा परत आणला, तेव्हा लेख तसाच होता. त्याचा शेवट त्यांना सुचत नव्हता. आता त्यांनी लिहिलं, "तिच्या डावात कुणी हात घातलेला तिला खपत नसे. मी घातला, तर तिने कॉम्प्युटरच बंद पाडला."

आणि आठवणीने सेव्ह केलं.