नाळेवरचं व्याख्यान

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळात शंतनूने ‘नाळेतलं रक्त फेकू नका, दान करा’ यावर तासभर प्रेझेंटेशन दिलं. ब्लड कॅन्सरचे पेशंट त्या रक्ताने वाचू शकतात हे ऐकून हॉलमधल्या झाडून सगळ्या काकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग गरमागरम बटाटेवड्यांवर ताव मारला.

पुढच्याच महिन्यात त्याच्या बायकोला, आश्लेषाला, डिलिव्हरीसाठी ॲडमिट केलं. नर्स म्हणाली, “कॉर्ड ब्लड डोनेट करायला मिसेसनी मागेच नकार दिलाय.”

शंतनू आश्लेषावर उखडला. “का गं?”

“बाळाला सुया टोचतील ना!”

“अगं, बाळाला हातही लावत नाहीत! तासभर तेच तर सांगत होतो मी!”

कळ सोसत आश्लेषा म्हणाली,



“तेव्हा आम्ही सगळ्या बायका किचनमध्ये वडे तळत होतो.”