बुधवारची वही

रेडिओवर तिसऱ्या नंबरचं गाणं लागलं तेव्हा चौघं जण अंगणात शिरले. तिघं परगावचे, हातात काठ्या. चौथा सूर्यभान, गल्लीतलाच. त्याच्या हातात काही नव्हतं.

कस्तुराबाई ओसरीवर बसल्या होत्या. नागनाथ आत, धान्याच्या खोलीत, कणगीमागं. त्याला आत ढकलून पाव तासही झाला नव्हता. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं होतं, आणि बौद्ध वस्ती दुपारीच सेलूच्या स्टेशनकडं निघून गेली होती. नागनाथनं आईला न् बायकोला गाडीत बसवलं आणि स्वतः माघारी आला. कशाला, तर वही द्यायला. आज बुधवार, गाण्यांचे नंबर लिहायचे, आणि वही त्याच्याजवळ राहिलेली. असल्या माणसाला अक्कल कुणी वाटली, हे कस्तुराबाई त्याला तोंडावर विचारत होत्या तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला.

वही ओसरीवरच राहिली. रेडिओच्या शेजारी, उघडी.

दर बुधवारी इथं सात-आठ जण जमायचे. रेडिओ सिलोन लावायचं, कोणतं गाणं कितव्या नंबरावर लागलं ते ऐकायचं, आणि कोणतं कुणाच्या वर पाहिजे होतं यावरून भांडायचं. रेडिओ कस्तुराबाईंचा, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच. नागनाथ खाली पायरीवर, पोत्यावर बसून लिहायचा. ओसरीवर त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तोही कधी चढला नव्हता.

झोक्याच्या गाण्यावर सूर्यभानचा जीव. ते अकरा आठवडे पहिलं होतं असं तो म्हणायचा, नागनाथ म्हणायचा नऊ. मधल्या दोन बुधवारी इथं नुसती खरखर होती. सूर्यभाननं ते गाणं जिंतूरला सासरवाडीत ऐकलेलं. या ओसरीवर ऐकलं नाही ते वहीत लिहायचं नाही, यावर नागनाथ अडून बसला. जित्ता हाय तवर अकराच म्हणणार, अशी सूर्यभाननं चारचौघांत आण घेतली होती. त्याला अजून महिना झाला नव्हता.

तिघांतल्या उंच माणसानं विचारलं, वस्तीतलं कोणी इकडं आलं का. कस्तुराबाईंनी सांगितलं की त्यांना विचारल्याशिवाय या घरात उंदीरसुद्धा शिरत नाही, आणि पायताणं काढायची रीत त्याच्या गावात नसेल तर त्यानं अंगणातूनच बोलावं. तो तसाच वर आला. त्यानं वही उचलली.

"अक्षर लय झकास हाय. कोण लिवतंय?"

"मी."

सूर्यभाननं मान खाली घातली. कस्तुराबाई दुसरीतून शाळेबाहेर पडलेल्या. सोसायटीच्या कागदावर सही करायची तर त्यांना अर्धी सकाळ लागायची, आणि हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

उंच माणूस अंगठ्यानं पानं उलटायला लागला. शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं होती, सिलोनला कार्ड धाडायसाठी लिहून ठेवलेली. लिहिणाऱ्याचं नाव सगळ्यात वर. कस्तुराबाईंची नजर त्या अंगठ्यावरून हलेना.

"लिवणाराला तर पाठच आसंल," तो म्हणाला. "झोक्याचं गाणं किती आठवडे पयलं व्हतं?"

कस्तुराबाईंनी अंगठ्यावरची नजर उचलली.

"नऊ."

तो हसला. "आमी बी रेडिओ ऐकतो, म्हातारे. अकरा." आणि त्यानं आतल्या दाराकडं पाहिलं. बाकीचे दोघं पायरी चढले.

सूर्यभान मधी आला. त्यानं वहीवर हात ठेवला, पानं मागं घेतली आणि एका जागी बोट टेकवलं.

"नऊच हायेत," तो म्हणाला. "ह्या बघा, दोन ओळी कोऱ्या. त्या बुधवारी खरखर व्हती. हितं ऐकलं न्हाई ते हितं लिवत न्हाईत."

उंच माणसानं कोऱ्या ओळी पाहिल्या. मग सूर्यभानच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सूर्यभाननं वही त्याच्या हातातून हळूच काढून घेतली, मिटली आणि रेडिओपाशी ठेवली.

तेवढ्यात वस्तीकडून कुणीतरी हाक मारली. तिघं उतरले. जाताना एकानं पायरीवरचं पोतं काठीनं उडवून दिलं. सूर्यभानला त्यांनी पुढं घातलं. त्यानं वळून पाहिलं नाही.

कस्तुराबाईंनी कडी लावली, रेडिओ बंद केला. कंदील घेऊन आत गेल्या.

नागनाथ कणगीमागं गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. पाठ भिंतीपासून वीतभर लांब. कणगीलाही त्यानं अंग लागू दिलं नव्हतं.

"टेक की," त्या म्हणाल्या. "भिंत काय झिजत न्हाई."

तो टेकला नाही. झरोक्यातून वस्तीच्या अंगाला उजेड दिसत होता. दिव्यांचा नव्हता तो. नागनाथ तिकडं बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, पयलं कोणतं लागलं.

कस्तुराबाईंनी आठवून पाहिलं. रेडिओ तर शेवटपर्यंत चालू होता.

"ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"मंग कोरी सोडा, माय. आजची ओळ."