पेशींची पकड

डॉ. सबनीस यांनी अलकाच्या पोटावरून हलकेच बोट फिरवलं. तासाभरापूर्वी तिथूनच तिचं पित्ताशय बाहेर काढलं होतं, पण आता तिथे साधा ओरखडाही नव्हता.

"सुरी नाही, टाके नाहीत," त्या समाधानाने म्हणाल्या. "एका औषधाने पेशी एकमेकींचा हात सोडतात, दुसऱ्याने पुन्हा धरतात. कातडीच्या पेशींची पकड आता पक्की झालीय. आतल्या स्नायूंना मात्र महिना लागेल. तोवर काहीही जड उचलायचं नाही."

अलकाने साडी सारखी केली, पण ती खाटेवरून उठेना.

"मॅडम, मला एक मोठी पट्टी बांधा."

"जखमच दिसत नाही, तर पट्टी कशाला?"

"माझ्या जावेचं ऑपरेशन असंच झालं होतं. घरी सगळ्यांनी तिचं पोट बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला पाण्याचे हंडे उचलायला लावले. आतून उसवलं तिचं."

डॉक्टरांनी कपाटातून पट्टीचं भेंडोळं काढलं आणि त्यावर लाल औषधाचे ठिपके पाडले.

"कुठे बांधू?"

"साडीवरूनच बांधा," अलका म्हणाली. "सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसली पाहिजे."