निरोगी नळी

गर्भ तिळाएवढा असतानाच हृदय घडवणारे जीन कामाला लागतात, हे प्रोफेसर जन्मभर शिकवत आले. पण नातवाच्या हृदयाला जन्मतःच भोक निघालं, तेव्हा त्यांनी विहीणबाईंसमोर सुनेला फाडकन सुनावलं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. हे तुझ्या माहेरचंच!" आज त्यांच्याच प्रयोगशाळेत घरच्यांचं रक्त तपासणारी सहायक चाचरत म्हणाली, "सर, सूनबाईंच्या रक्तात दोष नाही. पण बाळातला दोष आपल्या 'निरोगी' नळीत सापडला." त्या नळीतल्या रक्ताशी सगळ्यांचे जीन ताडून बघायचे. ते रक्त प्रोफेसरांनी मोठ्या तोऱ्यात स्वतःचंच दिलं होतं आणि वर 'निरोगी' अशी चिठ्ठीही स्वतःच्या हाताने डकवली होती. ते नखाने चिठ्ठी खरवडू लागले, तोच दारात सून येऊन उभी राहिली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आमच्या माहेरच्या दोषाबद्दल माझ्या आईने तुमची माफी मागायला सांगितलंय."